दसऱ्यानंतर द्यायचा रंग

रंग दिलेल्या कोणत्याही वस्तूजवळ गेले की आमचे शेजारी आधी दोन्ही हात पाठीमागे बांधीत, मान पुढे काढीत आणि डोळे मिटून तिचा वास घेत. मग निर्णय देत, "ओला हाय अजून. हात नका लावू." लग्नघराची कमान असो, शाळेचा फळा असो की वस्तीतल्या पाण्याची टाकी असो, या निर्णयापुढे कोणाचे काही चालत नसे. एकदा एका उतावळ्या पाहुण्याने त्यांचे न ऐकता नव्या रंगाच्या बाकावर बैठक मारली. हे शांतपणे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता उठू नका बाप्पा. वाळले की उठा."

आपल्या प्रत्येकाच्या शेजारात असा एखादा गृहस्थ असतो, ज्याची विद्या त्याच्या बोटांना चिकटलेली दिसते. यांच्या नखांच्या कडांना बारा महिने कोणता ना कोणता रंग असे. बल्लारपुराहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते ट्रकांच्या बॉडी रंगवीत. माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर वस्तीतल्या लहानशा विष्णुमंदिराची पूजा माझ्याकडे आली. त्यांचे आणि माझे घर एका भिंतीचे. पहाटे भिंतीच्या अलीकडे माझे स्तोत्र चाले आणि पलीकडे त्यांच्या पत्नीची बुद्धवंदना. दोन्हींपैकी कोणाचाही स्वर दुसऱ्यासाठी कधी चढला नाही, हे मी भगवंताची कृपा समजतो.

मंदिराचे दार कोळशाच्या धुळीने काळवंडले होते, तेव्हा त्यांनी आपण होऊन ते रंगवून दिले. मी गाभाऱ्याच्या चौकटीकडे बोट दाखवले, तसे हसून म्हणाले, "तुमच्या देवाचं तुमी पाहा, गुरुजी. दाराचं मी पाहतो." त्या हसण्यात थोडी धार होती. ती तेथे असण्याला कारणेही होती, आणि ती मला ठाऊक होती. मी हात जोडले. त्यांनी ब्रश बुडवला.

आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आढळतो. त्यांच्या एकुलत्या मुलाला तो जन्मतःच होता. अंगात कळा उठल्या की तो मुलगा भिंतीला पाठ लावून बसून राही. धावण्याचे, खेळण्याचे वय त्याने असेच बसून काढले, आणि त्या बसण्यातून त्याला एक छंद लागला. प्लास्टिकच्या लहान मोटारी तो जुळवी. खोक्यातून सुटे भाग येत, पातळ चौकटींना कळ्यांसारखे लगडलेले. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, आणि त्यांतून खऱ्या मोटारीची तंतोतंत प्रतिकृती उभी करायची. तिच्यात इंजिन असे, आसने असत, बोटाच्या पेराएवढे सुकाणूचक्रही असे. मी ते पाहिले की मला मूर्तिकाराची आठवण होई. तितकीच एकाग्रता, तितकेच मौन.

शेवटची मोटार जुन्या घाटाची होती, गोल दिव्यांची. ती पूर्ण जुळली तेव्हा मुलगा तेविशी-चोविशीचा होता आणि त्याची बोटे सुजू लागली होती. भिंतीपलीकडचे त्या दिवशीचे संभाषण मला स्पष्ट ऐकू आले.

"बाबा, एवढे ट्रक रंगवता, माही गाडी बी रंगवा ना."

"तुही गाडी तं मुठीत मावते बे."

"मंग तं लवकर होईन."

"काऊन, तू नाई देत रंग?"

"माह्या हाताले नाई जमून राह्यलं. तुमी द्या. हिरवा आणून ठेवला मी."

"देतो. दसरा होऊ दे बाप्पा. ट्रकवाले उरावर बसून राह्यले."

दसऱ्याच्या तोंडावर प्रत्येक ट्रकमालकाला आपली गाडी नवी हवी असते, त्यामुळे त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु दसऱ्याच्या आधीच मुलाच्या छातीत कळ उठली. त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेले. तेथून तो जिवंत परत आला नाही.

त्यानंतर ते कामावर जात, येत, आणि अंगणात बसत. वस्तूंचे वास घेणे त्यांनी सोडले. कोणी मुद्दाम विचारले, "भाऊ, वाळला का हो रंग?" तरी "पाहा तुमीच" म्हणून मोकळे होत. ती मोटार भिंतीतल्या फळीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली, पांढरीच उभी होती. त्यांच्या घरच्या बाई रोज तिच्याभोवतीची धूळ झटकीत. हे मोटारीकडे पाहत नसत. एकदा मात्र मला म्हणाले, "गुरुजी, त्यानं माह्याकडून एकच काम मांगतलं होतं." या एका कामावाचून त्या माणसाला आता दुसरे काही उरलेले नाही, हे मला त्या क्षणी कळले.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "या गुरुजी. आज देतो रंग. तुमी तुमचा मंतर म्हणा."

"कोणता म्हणू, भाऊ?"

"गाडीले चालते तो."

पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडी विनोद आला होता. मी जाऊन बसलो. धूळ उडू नये म्हणून त्यांनी जमिनीवर पाणी शिंपडले होते, खिडक्या लावून घेतल्या होत्या. मोटारीचे वरचे कवच वेगळे करून एका उपड्या बाटलीवर ठेवले होते. शेजारी मुलाने आणून ठेवलेली हिरव्या रंगाची इवली कुपी होती, तिचे झाकण अजून फोडलेले नव्हते. ती बाजूला सारीत ते म्हणाले, "हे पाण्यातले रंग. लेकरं चित्राले लावतात तसले. माह्या पोट्ट्याच्या गाडीले खरा रंग पाह्यजे." कारखान्यातून त्यांनी ट्रकचा रंग आणला होता. कुपीतल्या हिरव्याशी तो जुळावा म्हणून निळा आणि पिवळा कितीदा तरी मिसळून पाहिला होता. मग तो थिनरने पातळ केला, अक्षरे काढण्याचे लहान फवारणीयंत्र उचलले आणि श्वास रोखून टपावरून एक हात फिरवला.

क्षणभर तो हिरवा असा झळाळला की मीही पुढे झुकलो. मग ती झळाळी विझली. तापत्या दुधावर साय धरावी तशी टपावर सुरकुती आली, ती पसरत गेली, आणि काचांमधले बारीक खांब आतल्या बाजूला कलले. लोखंडावर आयुष्य घालवलेल्या त्या माणसाला, थिनर प्लास्टिक खातो, हे त्या क्षणी समजले. आयुष्यभर ज्याच्यावर विसंबले, त्यानेच मुलाचे काम गिळले.

ते फवारणीयंत्र खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पाहिले आणि आत गेल्या.

त्यांनी विचारले, "तुमच्यात मूर्ती खंडित झाली तं पाण्यात सोडतात ना, गुरुजी?"

"सोडतात."

"मंग हे?"

"ही मूर्ती नव्हे, भाऊ."

"तेच तं. मूर्ती दुसरी भेटते."

तरीही मी सुचवले की तशीच दुसरी मोटार मागवता येईल. त्यांनी मान हलवली. "ते माही होईन. त्याची नाई होणार."

काही दिवसांनी भिंतीपलीकडून कागद घासल्याचा बारीक आवाज येऊ लागला. कामावरून आल्यावर, उजेड असेपर्यंत, ते पाण्यात भिजवलेल्या घासकागदाने ती सुरकुती उतरवीत. खांब त्यांनी बांबूच्या काड्यांचा आधार देऊन सरळ केले. टप पूर्ववत होणे शक्य नव्हते; परंतु एखाद्या जुन्या, रस्ते पाहिलेल्या गाडीसारखा तो दिसू लागला. "ट्रक असता तं ठोकून काढलो असतो," ते म्हणाले. "याले समजावून घ्या लागते."

एके सायंकाळी आवाज मध्येच थांबला. त्यांनी मला बोलावले आणि मोटारीची मागची बाजू खिडकीच्या उजेडाकडे तिरपी केली. डिकीच्या कोपऱ्यात, ओल्या पृष्ठभागावर, अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा उमटलेली. चिकटद्रव्याने प्लास्टिक मऊ झालेले असताना मुलाने तेथे अंगठा दाबून धरला असावा; सुजलेल्या बोटांनी भाग जुळेपर्यंत तसाच धरून ठेवला असावा.

"असा ठसा राह्यला तं आमी कारागिराले शिव्या देतो," ते म्हणाले. "घासूनच काढा लागते. नाई तं रंग बसत नाई." कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला. "बाईले नका सांगू, गुरुजी. रडत बसन."

मी वचन दिले आणि पाळले.

रंगासाठी त्यांनी मुलाचीच कुपी फोडली. अजूनही माझ्या नजरेसमोर आहे तो त्यांचा पुढचा उद्योग. ज्यांच्या हाताखालून गेलेल्या ट्रकाच्या रंगात टाचणीएवढे भोक दिसू नये, ते आता डिकीच्या त्या कोपऱ्याशी येऊन थबकत. दाट रंग दिला तर रेषा बुजतील, अगदी पातळ दिला तर पांढरे दिसेल. आधी ते मोडक्या चौकटींच्या तुकड्यांवर रंग लावून पाहत, वाळू देत, उजेडात धरीत, फेकून देत. श्वास लागे, खोकला येई. तेव्हा मोटार दूर ठेवून, तोंडावर पंचा धरून, अंगणात जाऊन खोकून येत. इतक्या वर्षांच्या थिनरने त्यांच्या छातीत घर केले होते. डॉक्टरांनी ती हवा वर्ज्य सांगितली, तेव्हा म्हणाले, "आता वर्ज्य करून काय करू? शिकलो तेच."

उन्हाळा लागता लागता मोटार पूर्ण झाली. गडद हिरवी, थोड्या वाकल्या टपाची. मी ती हातात घेऊन मागची बाजू पाहिली. हिरव्याखाली रेषा जिवंत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी कारागिराने गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दिसते ना?"

"दिसते, भाऊ."

"बस."

पुढच्या थंडीत छातीनेच त्यांना नेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या स्मरणविधीला मी गेलो होतो. भिक्षूंचे सूत्रपठण झाले, जेवणे आटोपली, पाहुणे पांगू लागले. मुलाच्या आणि त्यांच्या छायाचित्रांपुढे फुलांशेजारी ती मोटार ठेवली होती. भद्रावतीहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने ती कौतुकाने उचलली, फिरवून पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"एवढं सुंदर काम, अन् मागं हा डाग काऊन राहू देला गं भावानं?" असे म्हणत तिने पदराचे टोक पाण्यात बुडवले आणि डिकीवर टेकवले.

"नका पुसू, बाई!"

आमच्या या शेजारीणबाईंचा आवाज मी भिंतीपलीकडून इतकी वर्षे ऐकत होतो. इतका मोठा कधी ऐकला नव्हता. सगळे घर वळले. नणंदेचा हात तेथेच थांबला.

"पोट्टा हाय तो," बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या, नणंदेच्या हातून मोटार घेतली आणि मांडीवर ठेवून पदराने पुसू लागल्या. फक्त चाके.