पाकटासाठी बांधलेले गळ

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. "भावजी, गेले हो हे..." एवढंच त्या बोलल्या. हातातल्या खडूसकट मी शाळेच्या फाटकापर्यंत आलो आणि तिथंच खाली बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले. बापू गेला, याहून मला दुसरंच काही जास्त छळतंय. ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

बापू माझा लहानपणापासूनचा दोस्त. सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात त्याची मेंढरं होती. मेंढरं पाण्यावर आली की हा तळ्याच्या काठी गळ टाकून बसायचा. तीन वर्षांमागं बोकडांच्या टेम्पोसोबत तो दापोलीकडं गेला आणि तिथं जनार्दन नावाच्या कोळ्यानं वाळूवर उभं राहून ओढलेलं पाकट त्यानं पाहिलं. सुपाएवढा चपटा मासा, मागं चाबकासारखी शेपटी. परत आला तो वेडा होऊनच. "मास्तर, ते तळाला असं चिकटतंय, जणू जमीनच ओढायलोय आपुन. एकदा तरी धरायचं बे!" जाऊ, जाऊ म्हणत राहिलो... आणि यंदा उन्हाळ्यात त्याच्या यकृतात गाठ निघाली.

त्यानंतर त्याला दुसरा विषयच उरला नाही. दुपारी शाळा सुटली की मी जायचो. बाजेवर पंचांग उघडं असायचं. कोणत्या तिथीला भरती कधी, हे त्यानं जनार्दनला विचारून समासात लिहून ठेवलं होतं. मग गळ बांधणं. जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, दोन हात कापायची, एका टोकाला मोठा गळ, दुसऱ्याला, दोरीला पीळ बसू नये म्हणून, पितळी फिरकी. फिरकीच्या वर, मुख्य दोरीत, भोकाचं शिसं मोकळं सरकतं ठेवायचं, म्हणजे चारा उचलताना माशाला वजन लागत नाही. "पाकट आधी चाऱ्यावर नुसतं बसतंय. लगेच झटका न्हाई द्यायचा. दोरी चालाय लागली की मग," तो मला शिकवायचा. त्याची बोटं थरथरायची, गाठी मी आवळायचो.

नारळी पौर्णिमा झाली की माझ्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढा प्रवास त्याला झेपणार नाही, वाटेतच काही होऊ शकतं. मी घाबरलो. खरं सांगायची छाती झाली नाही. म्हणालो, "बापू, वादळ हाय म्हणायलेत. किनाऱ्यावर जाऊ देत न्हाईत." "बरं," म्हणाला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. हाडांवर फक्त कातडी उरली होती, पोट फुगलं होतं. शेवटच्या वेळी त्यानं माझं मनगट धरलं. "एकदा न्हे की रे मला. मेलो तर तिथं मरतो. कावून भितो बे?"

"वादळ वसरू दे," मी म्हणालो.

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला सगळे पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "भावजी, ते रोज जनार्दनभाऊला फोन लावायचे. दर्या कसा हाय इचारायचे. तिकडून रोज एकच, लई शांत हाय, कवा येता?"

"मग मला बोलला का न्हाई तो?" मी विचारलं.

"म्या म्हणले, भावजी खोटं बोलायलेत, तुमी इचारा तरी. तर म्हणले, न्हाई. त्येच्या गाडीत मी मेलो तर मास्तर जल्मात त्या गाडीत बसायचा न्हाई. मला ठाऊक हाय हे त्याला कळू देऊ नको..." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "पर माझ्याच्यानं न्हाई ऱ्हायलं."

गाडी दारात उभी आहे. दहाव्यापासून शाळेला मी एसटीनं जातो. काल तिच्या काचेवरची धूळ पुसायला गेलो, दाराला हात लावला, आणि परत फिरलो...