टोपलीची दुसरी कड

आमच्या नंदाखाल गावचा धर्मा रोज सकाळी आगाशीच्या एसटी थांब्यावर असायचा. केळी, भाजी, फुलं घेऊन बाया बसमधून उतरायच्या. भरली टोपली एकटीच्यानं डोक्यावर चढत नाही, दुसरी कड कुणीतरी धरावी लागते. ती धर्मा धरायचा, झोपलेलं पोर उचलावं तशी अलगद. नजर खाली. एकदा एकीच्या टोपलीतून कोंबडी उडाली, तरी त्यानं मान वर केली नाही. ती गोष्ट वेगळी. "धर्माभाऊ, हात लावा," एवढं ऐकायलाच तो यायचा. तेव्हा थांब्यावर चाफ्याचा वास असायचा, की मला आता तसं वाटतं, कोण जाणे.

आता टोपल्या कमी, स्कूटर जास्त. परवा वेफर्सचा घरगुती धंदा करणारी हेमांगी कच्ची केळी न्यायला आली. ती क्रेट उचलणार, तोच धर्मानं न विचारता धावत जाऊन धरला.

"आजोबा, राहू द्या. मला जमतं," ती हसून म्हणाली आणि क्रेट स्कूटरवर ठेवून गेलीसुद्धा.

"आता आपला हात कुनाला नको," धर्मा मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी थांब्यावर आलाच नाही.

माझी वाडी त्याच्या शेजारची, म्हणून पुढचं मला दिसलं. धुक्यात केळीची पानं हलत होती, ऊन पाण्यासारखं झिरपत होतं. त्यातून त्याची बायको बायजा भरली टोपली घेऊन आली. टोपली तिनं विहिरीच्या कठड्यावर टेकवली, खाली वाकली नि एकटीच डोक्यावर ओढून घेऊ लागली. उभा जन्म ती तशीच घेत होती. त्या वेळी धर्मा आगाशीत असायचा.

आज तो विहिरीपाशीच बसला होता, बघतच राहिला. मग म्हणाला, "हात लावू?"

"का? आगाशीच्या बाया संपल्या काय?"

बायजानं टोपली कठड्यावर सोडली, आपल्या डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. "धरा ती कड. आज मी लावते हात."

निघाले दोघं. मीही मागोमाग, मला कुठे काम असतं. पुढे बायजा, रिकाम्या हातांची. त्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. कुंपणावरच्या वेलींना बोटं लावत, मधेच हात झुलवत, शाळेतल्या पोरीसारखी चालली होती.

थांब्यावर हेमांगी होतीच. "आजोबा, उतरवायला हात लावू?"

धर्मानं बायजाकडे पाहिलं.

"लाव गो," बायजा म्हणाली. "तू तिकडून, मी इकडून."

टोपली अलगद खाली आली. धर्मा मात्र चुंबळ काढायचं विसरून बराच वेळ तसाच उभा.