ओसरीवरचा तेंदूपत्ता

ओल्या तेंदूपत्त्याचा वास आला की आजही माझे खांदे सैल पडतात. कर्ज थकल्यामुळे बँकेने लिलावात काढलेली घरं घ्यायची आणि डागडुजी करून विकायची, हा माझा धंदा. पण सानगडीचं ते कौलारू घर पहिलंच होतं, दागिने मोडून आणि वर कर्ज काढून घेतलेलं. ताबा घ्यायला एकटीच गेले, तर फाटक उघडं आणि ओसरीवर चार बायका मांडीवर ओल्या तेंदूपत्त्याची सुपं घेऊन बिड्या वळत बसलेल्या. कोणी असं ठाण मांडलं तर कोर्टात वर्षं जातात, हे ऐकून होते. "हे घर मी घेतलंय," मी म्हटलं, आणि आवाज उगाचच चढला. त्यातली वयस्कर बाई हसली. "काहून घाबरता बाई? आमी कब्जा नाही करून राहिलो. या घरची बाई आमच्यासंगंच बिड्या वळे. पोराकडं नागपूरले जाताना म्हणाली, बंद घराले वाळवी लागते, तुमी इथंच बसत जा." खरंच, दाराला बँकेचं कुलूप तसंच होतं, ओसरी ताजी सारवलेली होती आणि खांबांवर वाळवीचा मागमूस नव्हता. खांदे सैल सोडून मी पायरीवर टेकले. तिनं कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला. "घ्या, उद्यापासून तुमची पाळी." त्यानंतर बरीच घरं घेतली. नवं कुलूप लावायच्या आधी मी शेजारी जाते आणि विचारते, "दुपारच्या ओसरीवर बसायले येता का?"