तीन बोटांचा ठसा

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली व्यक्ती मोजमाप करते, तर्क तपासते आणि जे पुरावा देत नाही ते बाजूला ठेवते. तरीही ही नोंद मी बाजूला ठेवू शकलेले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अमरावतीत राहते. उत्तरेकडच्या मेळघाटातल्या वन्यप्राण्यांवर गावोगावी व्याख्याने देणे हे माझे काम. सोबत प्लास्टरचे सहा ठसे असतात : वाघ, अस्वल, तरस, रानकुत्रा, सांबर आणि एका मादी बिबट्याचा. फासात अडकून तिचे एक बोट तुटले होते, म्हणून तिच्या ठशात चारऐवजी तीनच बोटे दिसतात. तीन वर्षांपूर्वी तो ठसा मीच घेतला. पुढे ती आजाराने मेली, आणि तिचे दहन माझ्यासमोर झाले.

गेल्या हिवाळ्यात चांदूर रेल्वेच्या पुढच्या एका गावी, शाळेच्या सभागृहात, दुपारी माझे व्याख्यान होते. लोक मुळातच चिडलेले होते. झेंडूची शेती करणाऱ्या कमलाबाईंची बकरी दोन दिवसांपूर्वी मारली गेली होती. त्यांनी मोबाईलवर पाऊलखुणेचा फोटो दाखवला. खूण पुसट, बोटे तीनच. एक बोट नीट उमटले नसेल, कुत्रा असेल, असे मी सांगून टाकले.

"मेळघाटातले वाघ आमाले दाखवून राहिल्या, अन् आमच्या वावरातलं जनावर तुमाले कुत्रं दिसते?" त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी, मॅडमनं बिबट फक्त पुस्तकात पाहिला असन, असे पुटपुटले. हशा पिकला.

मग कमलाबाईंनी शांतपणे सांगितले की मेलेल्या बकरीच्या पोटात त्यांनी फवारणीचे औषध भरून ठेवले आहे... जे खाईल ते मरेल.

हा गुन्हा आहे, असे मी म्हणाले. ती माझी चूक होती. सगळे सभागृह माझ्यावर उलटले. सरपंचांनी कार्यक्रम आटोपता घ्यायला सांगितले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला प्राण्यांआधी माझी फाईल आठवली. पुढच्या आठवड्यात कायम नेमणुकीची मुलाखत होती, आणि माझ्या व्याख्यानाच्या गावात विषबाधा झाली असती तर ती नेमणूक तिथेच संपली असती.

मी ठसे पेटीत भरू लागले. कमलाबाई टेबलाशी आल्या आणि त्यांनी तीन बोटांच्या ठशावर हात ठेवला.

"हीच ते."

"मावशी, ही जाळली. माझ्यासमोर."

"मंग गरम काहून हाय?"

मी हात लावला. ठसा गरम होता.

प्लास्टर घट्ट होताना तापते, पण फार तर अर्धा तास. हे प्लास्टर तीन वर्षे जुने. टेबलावर ऊन नव्हते. मातीचे तापमान मोजायचा थर्मामीटर माझ्या पिशवीत असतो. बाकीचे पाच ठसे चोवीस अंशांवर होते, हा अडतीसच्या थोडा वर. मार्जारकुळातल्या जिवंत प्राण्याच्या अंगाचे तापमान साधारण एवढेच असते, हे मला ठाऊक होते. मी आकडा वहीत टिपला.

कमलाबाईंनी थर्मामीटरकडे पाहिलेही नाही. त्यांनी पदर खोचला.

"जाळूनबी जे मेलं नाही, त्याले इख घालून काय होते? चाला. बकरी गाडू लागा."

बांधापाशी आम्ही दोघींनी कंबरभर खड्डा खणला. मी हातमोजे दिले, ते त्यांनी नाकारले. इतके दिवस तुमी हातमोज्यातूनच पाहून राहिल्या, असा टोमणाही मारला. बकरी पुरली, वर दगड रचले. संध्याकाळी शाळेत परतून मोजले तर ठसा चोवीसवर होता.

त्या बांधाच्या ओल्या मातीत तीन बोटांच्या ताज्या खुणाही होत्या. तसेच बोट तुटलेला दुसरा एखादा बिबट्या असू शकतो. ते मी मान्य करते आणि अहवालात तेवढेच लिहिले. नेमणूक झाली. उष्णतेचे मात्र कोणतेही कारण मला सापडलेले नाही. ठसा उन्हात ठेवून पाहिला, हातात धरून पाहिला, नवे प्लास्टर ओतून तुलनाही केली.

कमलाबाई अधूनमधून फोन करतात. नमस्कार नाही, विचारपूस नाही.

"थंडच हाय ना अजून?"

मी उठते, कपाटातला ठसा हाताने चाचपते, आणि मगच हो म्हणते.