बुटांच्या दुकानातला जॅझ

लाकडाच्या ताज्या पॉलिशचा वास आला की मला उत्तरेकडच्या आमच्या शहरातलं, सेक्टर सतरामधलं ते जॅझवालं हॉटेल आठवतं. नव्वदच्या दशकात ते विकलं गेलं, तिथं बुटांची शोरूम होणार होती. एका दुपारी मी आईबरोबर आत डोकावले, तेव्हा सुतार स्टेज उखडायच्या तयारीत होते. हॉटेलच्या बँडमधले म्हातारे सॅक्सोफोनवाले नव्या मालकांना म्हणाले, "एक बार बजा लूँ जी?" आणि डोळे मिटून वाजवू लागले. "राग कुठला गं हा?" आई कुजबुजली. चौकातून जाणारे लोक दारात थबकले, सुतारांचे हात थांबले. वाजवणं संपल्यावर मालक म्हणाले, "स्टेज रहने दो. आप हर शनिवार आ जाना जी." पुढं कितीतरी शनिवार तिथं बुटांच्या रांगांमध्ये जॅझ वाजत राहिला. मालकांना ते सूर भावले होते की दारातली गर्दी, हे मला अजूनही कळलेलं नाही.