मोगऱ्याच्या वासाचं फिनाइल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला मध्येच थांबवू नका. प्रेमात पडलेली माणसं काय करतात? फुलं देतात, गाणी म्हणतात. मी सांडपाण्याच्या टाकीत फिनाइल ओतलं! तेही मोगऱ्याच्या वासाचं.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरी चेन्नईजवळ सिरुसेरीला, तिथेच जवळ एका इमारतीत फ्लॅट. चेन्नईतल्याच एका तंजावरी मराठी घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलगी जानकी, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मराठी जुन्या वळणाचं आणि त्यावर तमिळ हेल. पहिल्या भेटीत ती "कॉफी घ्या की हो" एवढंच म्हणाली, आणि मी जो तरंगायला लागलो तो ऑफिसातसुद्धा जमिनीवर येईना.

मला ती पसंत होती. तिच्या मनात काय होतं, देव जाणे. तिचे अप्पा म्हणाले, "रविवारीं येतों. घर पाहूं, मग सांगूं."

झालं! रोज संध्याकाळी मी बाल्कनीत. समुद्राकडून गार वारा यायचा, आकाश गुलाबी व्हायचं, आणि मला दिसायचं... जानकी फाटकातून आत येतेय, पदर हळूच उडतोय... आणि तेवढ्यात पार्किंगमधून यायचा तो कुबट वास! असतो हो थोडासा. आमच्या इमारतीचं सांडपाणी तळघरातल्या टाकीत साफ होतं आणि बागेला जातं, त्या टाकीचा.

माझ्या स्वप्नात कुबट वास? छे! असोसिएशनचा सेक्रेटरी मीच, टाकीची किल्ली माझ्याच खिशात. मोगऱ्याच्या फिनाइलचे कॅनच्या कॅन आणले आणि वॉचमन मुरुगनला हाताशी धरून सगळे ओतले टाकीत. ओतताना मी गुणगुणत होतो, खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी मोगरा घमघमला. शनिवारी वास जरा वेगळाच वाटला. आणि रविवारी? अहो, वरच्या मजल्यावरच्या आजींनी देवघराची खिडकीसुद्धा लावून घेतली!

नेमके तेव्हाच जानकी आणि अप्पा आले. अप्पांनी नाकाला रुमाल लावला.

"अय्यो! हें काय हो?"

"काही नाही, काही नाही. वारा आज उलटा आहे."

जानकीने नाकाला रुमाल लावलाच नाही. दोनदा हुंगलं आणि थेट मला विचारलं, "टाकींत कोणी कांही ओतलें काय?"

"छे! कोण ओतेल?"

एवढ्यात मुरुगन धावत आला. सलाम ठोकून म्हणतो कसा, "सार, वास अजून जात नाही. ते मोगऱ्याचं फिनाइल आणखी आणू का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अप्पा माझ्याकडे बघतायत, मी माझ्या बुटांकडे.

"मारलेत की हो सगळ्यांना," जानकी म्हणाली.

"क... कोणाला?"

"बॅक्टेरियांना! टाकींतली घाण तेच खात होते. सूक्ष्मजीव म्हटले की तुम्हांस रोगच आठवतात. कॉलऱ्याचे, टायफॉइडचे बॅक्टेरिया वाईट, खरें. फ्लूचे विषाणूही वाईट. पण दही लावतात तेही बॅक्टेरियाच, इडलीचें पीठ फुगवणारे त्यांचेच भाऊबंद. एक बुरशी पाव नासवते, दुसरी औषध देते, आणि यीस्ट ही बुरशीच पाव फुगवते. टाकींतले एकपेशीय प्राणी तर उरलेले बॅक्टेरिया खाऊन पाणी नितळ करतात. कळलें?"

आता खरं सांगू? ती बोलत होती आणि तिच्या कानातले डूल हलत होते. 'इडली' ऐकलं आणि मी थेट लग्नानंतरच्या एका सकाळी पोचलो. वाफाळती इडली, समोर ती...

"हो," मी म्हणालो, "सोबत नारळाची चटणी करू."

अप्पांना जोराचा खोकला आला.

"चटणी राहूं दे," जानकी म्हणाली. "जवळ गोठा आहे? ताजें शेण आणा. त्यांत बॅक्टेरिया भरपूर असतात."

नव्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मी शेणकाल्याच्या बादल्या वाहिल्या. होणारे सासरे खुर्ची टाकून बघतायत! जाताना अप्पा एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. सांगतों मग."

आणि काहीच सांगितलं नाही. माझी झोप उडाली.

पण जानकी दर शनिवारी यायला लागली! मी अत्तर लावून, केस विंचरून फाटकात उभा. ती यायची, सरळ टाकीपाशी जायची, बाटलीत पाणी भरून घ्यायची. "आणखी शेण घाला" म्हणायची की चालली! तरी मी आपला हवेत. रोज सकाळी शेण ओतायचो आणि शनिवारची वाट बघायचो.

मग एका संध्याकाळी ती कॉलेजातून सूक्ष्मदर्शक घेऊनच आली. पार्किंगमधल्या टेबलावर ठेवून म्हणाली, "पाहा."

मी डोळा लावला. पाण्याच्या एका थेंबात बारीक देठांवर इवल्या इवल्या घंटा डुलत होत्या. मधूनच काहीतरी भिरभिरत जायचं. किती वेळ बघत राहिलो, कोण जाणे. फार सुंदर होतं हो ते.

"हेच ते एकपेशीय प्राणी. आले परत," ती हसली. वासही गेला होता.

मी सगळा धीर गोळा केला. "आणि माझं काय? अप्पांनी अजून काही कळवलं नाही."

"तुमचें? तुम्ही शेणाची बादली उचललीत ना, त्याच दिवशीं मी अप्पांस हो म्हटलें."

"काय! मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलें असतें तर तुम्ही स्वप्नेंच पाहत बसला असतां," जानकी सूक्ष्मदर्शक आवरत म्हणाली. "शेण कोण ओतणार होतें?"