पायाळू माणसाची मान

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या राहू गावात कुणाची मान-पाठ धरली की उसण भरली म्हणतात आणि पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला माझ्याकडे येतात. आयुष्यभर हायस्कुलात शिकवूनही मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. विश्वास नव्हता, पण माणूस समाधानानं परत जायचा. माझं काय जात होतं?

गेल्या वर्षी माझ्या यजमानांची मान दुखू लागली. ते पलंगावर पालथे पडायचे, मी भिंतीला धरून खांद्याच्या वर अलगद पाय टेकवायची. आपल्याला घरच्या घरी वैद्य मिळाला, असं ते म्हणायचे. दोन महिने आम्ही हेच केलं. आडवं पडल्यावर दुखणं कमी न होता वाढायचं. पँट ढिली झाली. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. हे सगळं मी पाहत होते आणि तरी उसणच म्हणत होते. पुढे पुण्यात मणक्यातली गाठ सापडली. लवकर आलो असतो तर ते वाचले असते का, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. त्यामुळे तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

या हिवाळ्यात माझी मान दुखू लागली, तेव्हा चार दिवस मी भीतीनं गप्प बसले. पाचव्या दिवशी एका कागदावर दुखणं कधी सुरू होतं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, ते लिहून काढलं आणि यवतच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कागद वाचला, हाताला मुंग्या येतात का, ताप येतो का, वजन उतरलंय का, कुठं पडलात का, असं एकेक विचारलं. मला त्यांची बोटं घट्ट दाबायला लावली. चालून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, वाचता कशा?

मांडी घालून, पुस्तक मांडीवर ठेवून, मी म्हणाले. किती वेळ, तेही खरं सांगितलं. ते गेल्यापासून जेवणं आणि झोप सोडली तर तोच माझा दिवस होता.

"गाठ असेल का?" मी विचारलं.

"आत्ता तशी एकही खूण दिसत नाही. स्नायू आखडलेत. पुस्तक डोळ्यांसमोर धरा, अर्ध्या तासानं उठा. हात बधिर झाला, शक्ती गेली, तर मात्र त्याच दिवशी या."

घरी येऊन मी पाटावर पाट रचून पुस्तक उंच ठेवलं.

आठवड्याभरानं शेजारचे आप्पा आले. मान अवघडली म्हणून पाय लावून घ्यायला. मी आधी चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. मी डॉक्टरबाईंचेच प्रश्न विचारत गेले. उजव्या हातातून खुरपं गळतं, असं ते सहज बोलून गेले. किती दिवस झाले, तर म्हणाले, दिवाळीपासून.

"आप्पा, मी पाय लावणार नाही."

ते हसले. "का वो बाई? पोरं शिकवून शिकवून पायाचा गुण गेला का काय?"

"गेला."

"आवो, निस्ती उसण हाय. लावा की जरा. सगळ्या गावाला लावता."

"यांनाही लावत होते."

आप्पांनी कप खाली ठेवला. यजमान गेले तेव्हा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्या दारात बसून होते. त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती. तरी म्हणाले, "ऊस तोडणीला आलाय. फुडल्या आठवड्यात बघू."

"उद्या," मी म्हणाले. "सकाळच्या जीपनं, यवतच्या डॉक्टरबाईंकडे. मी येते बरोबर."

ते निघून गेले. सकाळी मी पर्स घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आप्पांना आत निरोप गेला, बराच वेळ कुणी आलं नाही. मी हलले नाही. शेवटी आप्पा धुतलेला सदरा घालून बाहेर आले; बटणं सुनेनं लावून दिली होती. यवतपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला ते चालण्यासारखं होतं.